चौकडीचे वस्त्र आणि मुलांचे हात

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी हे गाव हातमागासाठी ख्यातनाम आहे. तेथील साड्यांना व कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि मागाच्या इतक्या समीप वाढणाऱ्या मुलांना ताणा कोणता नि बाणा कोणता, हे ठाऊक असेलच असे नाही. कापड दुकानात मिळते, एवढेच ज्ञान घेऊन मूल मोठे झाले, तर विणकराच्या श्रमाचे मोल त्याला कसे उमगावे? म्हणून पालकांनी सुट्टीत मुलांकडून एक लहानसे वस्त्र विणवून घ्यावे. नमुना मात्र दूरदेशीचा घेऊ.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील चौकडीच्या लोकरी कापडास 'टार्टन' म्हणतात. तेथील बंड मोडल्यानंतर १७४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून पुरुषांना व मुलग्यांना तो पारंपरिक वेष वर्ज्य केला. सैन्यातील पलटणींना तेवढी मोकळीक होती. १७८२ साली ही बंदी उठली. ज्या वेषावर कायद्याने घाला घातला, त्याच्याच कापडाची अधिकृत नोंदवही ठेवण्यासाठी २००८ साली स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला! कोणत्या नमुन्यात कोणत्या रंगाचे किती धागे, हे तीत नोंदविले जाते.

आता कृती. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या व खालच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर चोवीस खाचा पाडाव्यात. त्यांतून स्वेटरची जाड लोकर उभी ताणावी: आठ धागे निळे, चार तांबडे, पुन्हा आठ निळे, चार तांबडे. हा झाला ताणा. बोथट टोकाच्या मोठ्या सुईने आडवा बाणा भरावा. त्याच्या ओळीही त्याच क्रमाने आठ निळ्या, चार तांबड्या. सुई दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून न्यावी, आणि प्रत्येक नव्या ओळीत हा क्रम एक धागा उजवीकडे सरकवावा. ओळ संपताच कडेच्या धाग्याला वळसा द्यावा. ओळी फार दाबू नयेत, म्हणजे चौकडी चौरस राहते.

निळ्यावर निळा व तांबड्यावर तांबडा आला की रंग शुद्ध राहतो. निळा व तांबडा भेटले की दुरून जांभळट छटा भासते. दोन रंगांच्या अशा तीन छटा होतात, तीन रंगांच्या सहा, चारांच्या दहा! हे गणित मुलांनाच मांडू द्यावे. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने लंडनमध्ये रंगीत छायाचित्राचे प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हा त्यानेही टार्टनची फीतच निवडली होती.

एक धागा चुकला की तिरकी रेघ मोडते आणि ओळ उसवावी लागते. अशा वेळी पालकांनी सुई आपल्या हाती घेऊ नये. वीतभर कापडासाठी इतके कष्ट केलेले मूल उद्या वारासिवनीच्या मागापाशी उभे राहिले, तर साडीची किंमत विचारण्याआधी ते विणकराच्या हातांकडे पाहील.