गोर कोण, कोर कोण

जळकोट तालुक्यातल्या एका तांड्यावर दिवाळीच्या आवसेला मुक्काम पडला होता. दिवेलागण झाली आणि हातात दिवे घेतलेल्या पोरी दारोदार फिरू लागल्या. घरातल्या एकेकाला नात्याने हाक मारून 'मेरा' म्हणायचं, म्हणजे दिवाळीचं शुभ चिंतायचं. घरचे हातावर पैसे ठेवतात. मी लातूरचा, मला फक्त 'याडी' म्हणजे आई एवढं कळलं. वाक्यागणिक 'छ' ऐकून वाटलं, गुजराती की काय! यजमान हसले, ''तुम्ही कोर ना, तुम्हाला कसं कळणार?''

कोर म्हणजे परका, गोर म्हणजे आपला. आपण ज्यांना लमाण किंवा बंजारा म्हणतो ते स्वतःला गोर म्हणवतात आणि बोलीला गोरबोली. ती राजस्थानीच्या गोतावळ्यातली. इकडे देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. 2011 च्या जनगणनेत सुमारे 32 लाख 76 हजार लोकांनी मातृभाषा लमाणी-लंबाडी सांगितली, पण ती जमा झाली हिंदीच्या खात्यात. आडनावांचंही तसंच. इथले वडतिया कागदावर जाधव झाले, तेलंगणात तेच वडित्या म्हणून भेटतात.

असं परक्याने ठेवलेलं नाव वागवणारे सैबेरियातही आहेत. रेनडिअर पाळत भटकणाऱ्या एवेंकींना रशियन लोक 'तुंगुस' म्हणत. त्यावरूनच अख्ख्या भाषाकुळाला तुंगुसी म्हणतात. स्वतःचं नाव त्यांना सरकारी कागदावर मिळालं ते सोव्हिएत काळात. त्याच कुळातल्या मांचूंनी 1644 पासून 1912 पर्यंत चीनवर राज्य केलं, तरी आज मांचू बोलणारी मोजकी म्हातारी माणसं उरलीत. गोरबोलीला राज्य कधीच नव्हतं. तिला तांड्याने सांभाळलं.

तांडा म्हणजे आज वस्ती, पूर्वी चालता बाजार. मीठ-धान्य लादलेले बैल घेऊन हे लोक देशभर फिरत, फौजांना रसद पुरवत. 1632 साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 14,000 बैलांचा तांडा वाटेत भेटला होता. पुढे आगगाडीने तो धंदा खाल्ला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाचात अनेक ठिकाणचे बंजारे सापडले. तो कायदा 1952 साली गेला, पण 'विमुक्त' हा शब्द मागे ठेवून.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1956 ला भाषावार सीमा पडल्या आणि किनवटचा राठोड एका राज्यात, आदिलाबादेतले त्याचे सोयरे दुसऱ्या राज्यात गेले. तेलंगणातले लंबाडी 1976 च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आले, कर्नाटकातले लंबाणी अनुसूचित जातीत, आपल्याकडचे विमुक्त जातीत. एकाच मांडवातल्या वऱ्हाडाला तीन तऱ्हेचे दाखले! 2025 च्या सप्टेंबरात निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेऊन मराठा-कुणबी दाखल्यांचा शासन निर्णय निघाला, तेव्हा बंजारेही तेच गॅझेटिअर पुढे करून जमातीचा दर्जा मागत रस्त्यावर उतरले. आदिवासी संघटनांचा त्याला कडवा विरोध आहे, आणि तोही समजण्यासारखा आहे. ताटातली भाकरी तेवढीच आहे. तरी सीमा ओलांडली की जात बदलते, हे कुणाला पटवून सांगायचं म्हटलं तर मला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी गोधनासाठी फुलं तोडून आल्या. तांड्याच्या तोंडाशी ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. भांडी, कोयते, ज्वारीची पोती चढवून झाली होती. रात्री सगळ्यांत पुढे दिवा धरणारी पोर फुलं गोधनाच्या शेणावर खोचून पळत आली आणि पोत्यांवर चढून बसली. मुकादमाने नाव विचारलं. तिने सांगितलं ते त्याने वहीत मराठीत उतरवून घेतलं.