ठिणगीची वेळ

अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण जुन्या गाड्या लोक अजून हौसेने सांभाळतात. त्यांतील १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ कशी साधतात, ते पाहू.

दट्ट्या वर पोहोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एक सहस्रांश सेकंदात दांडा १८ अंश फिरतो! शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. वेग वाढला, की डिस्ट्रिब्यूटरमधील वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी आणखी लवकर पाडतात.

पण वेग तोच, आणि भार कमी असला तर? तेव्हा सिलिंडरात मिश्रण विरळ असते. विरळ पाचोळ्यात आग सावकाश पसरते, तसेच हे. अशा वेळी कार्बोरेटरकडील ओढ बारीक नळीतून एका पडद्याला खेचते व ठिणगी लवकर पडते. हाच व्हॅक्यूम ॲडव्हान्स. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की ओढ सुटते.

पडदा फाटला, तर सपाट रस्त्यावर पेट्रोल जास्त लागते. मग कुणी डिस्ट्रिब्यूटरच फिरवून ठिणगी लवकर पाडतो. हा उपाय घातक! घाटात भार पडताच इंजिन खडखडते. दट्ट्याला भोकसुद्धा पडू शकते.

तेव्हा आधी नळीचे कार्बोरेटरकडचे टोक सोडवून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही, तर पडदा बदला. पॉइंटांमधली फट नीट करा. मग कार्बोरेटरकडचे भोक बुजवून, इंजिन मंद ठेवून, टायमिंग लाईटने पुस्तिकेत दिलेली वेळ लावा. डिस्ट्रिब्यूटर आवळा आणि नळी परत जोडायला विसरू नका.