लिंक मोजायची की लिंक देणारा?

गुगलवर आपल्या गावाचं नाव, ‘वरवंड’, टाकलं की कुठलं पान वर येणार? त्या पानाकडे कोण कोण लिंक देऊन बोट दाखवतं, हेही ते ठरवताना पाहिलं जातं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली ही पेजरँकची कल्पना. गंमत अशी की सगळ्या लिंकचं वजन सारखं नसतं. वजनदार पानाने एकच लिंक दिली तर तिला भरघोस वाटा. शंभर दिल्या तर तोच वाटा शंभर ठिकाणी विभागला जातो. मग काय, लिंकचा बाजारच भरला! २०१२ मध्ये गुगलच्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने अशा विकतच्या लिंकवर वर चढलेल्या बऱ्याच पानांना खाली ढकललं. विकिपीडियात लिंक घुसडूनही फारसं हाती लागत नाही, तिथल्या बाहेरच्या लिंकना ‘नोफॉलो’, म्हणजे ‘ही लिंक मोजू नका’ अशी खूण असते. तेव्हा वरवंडमधल्या सोलापूर रोडवरच्या दुकानदारांनो, ‘हजार बॅकलिंक स्वस्तात’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.