बाबासाहेबांना ‘ही’ कसं म्हणायचं?

नागपूरच्या इंदोरा भागातल्या एका बुद्धविहारात संध्याकाळचा वर्ग भरलाय. दारात चपलांचा ढीग, आत दोन सतरंज्या आणि त्यांवर चौथी ते सहावीतली विसेक पोट्टे-पोट्टी. कामठी रोडचे हॉर्न इथवर ऐकू येतात, पण कोणाचं तिकडे लक्ष नाही. शिकवणारी ताई दिवसा बी.एड. करते, संध्याकाळी इथे फुकट शिकवते. आज इंग्रजीतली सर्वनामं आहेत.

तक्ता फळ्यावर आहे: आय, वी, यू, ही, शी, इट, दे. पोरं तो पाढ्यासारखा एका दमात म्हणून दाखवतात. मराठीतली नऊही येतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. पाठांतरात इथे कोणी हार जायचं नाही. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा हा तक्ता यांच्या ओळखीचाच. घोळ सुरू होतो तो वाक्यं करायची वेळ आली की.

ताई पंख्याकडे बोट दाखवते. ‘ही!’ खुर्चीकडे. ‘शी!’ पुस्तकाकडे. ‘इट!’ तिसरं उत्तर बरोबर आलं म्हणून शाबासकी द्यावी, तर तेही पहिल्या दोघांच्याच वाटेने आलेलं. तो पंखा, ती खुर्ची, ते पुस्तक. ताईच्या ते लगेच लक्षात येतं. ‘इट कायले?’ ती विचारते. ‘ते पुस्तक ना, ताई!’ मग ती समजावते, की वस्तू म्हटली की इंग्रजीत इट. पंखा असो, खुर्ची असो, पुस्तक असो.

‘ताई, मी विचारतो,’ मागून एक मुलगी म्हणते. (आमच्या इकडच्या बोलीत पोरीही ‘मी विचारतो’ म्हणतात. पुण्याच्या कानाला ते खटकतं, इंग्रजीतल्या ‘आय’ला त्याचं काही नाही.) ‘आमची बकरी इट का शी?’

‘नाव ठेवलं का तिचं?’

‘हाव. चांदनी.’

‘मग शी. रस्त्यावरची अनोळखी बकरी असली, तर इट.’

वर्गाला हा भेदभाव फारसा पटलेला दिसत नाही, पण चांदनीपुरता प्रश्न मिटतो.

माझ्या शेजारच्या पोराची वही उघडीच आहे. वाक्य छापील कागदावरून उतरवलेलं: ‘माय फादर ड्राइव्हज अ‍ॅन ऑटो.’ पुढची ओळ त्याने स्वतः केलेली: ‘दे कम होम अ‍ॅट नाइन.’ खालीच आईबद्दल: ‘शी कुक्स फूड.’ मी दोन्ही ओळी पुन्हा वाचतो. बाबा ‘ते’, म्हणून दे. आई ‘ती’, म्हणून शी. घरात ज्याला जसं बोलतात तसं आणि तेवढंच त्याने लिहिलंय. शिवाय ‘दे’बरोबर ‘कम’ आणि ‘शी’बरोबर ‘कुक्स’ असं क्रियापदही अचूक फिरवलंय. परीक्षेत या पोराचा गुण जाणार, आणि त्याचं व्याकरण कच्चं आहे असा शेराही मिळणार. माझ्या मते त्याचं व्याकरण वर्गात सगळ्यात पक्कं आहे.

फळ्यावर आता पुढचं वाक्य: ‘डॉ. आंबेडकर केम टू नागपूर इन 1956.’ त्याखाली रिकामी जागा, आणि मग ‘एम्ब्रेस्ड बुद्धिझम ऑन 14 ऑक्टोबर.’

‘दे!’ सगळा वर्ग एकसुरात.

‘ही,’ ताई म्हणते.

क्षणभर गप्प. मग ऑटोवाल्याचा पोरगा उभाच राहतो. ‘बाबासाहेबाले ही? चोरालेही ही न् बाबासाहेबालेही ही?’

प्रश्न रास्त आहे. नियम आहे म्हणून सांगून ताईला सुटता आलं असतं. ती उठते, भिंतीतल्या कपाटातून दोन जाडजूड पुस्तकं काढते. एक बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेलं, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली आलेलं ‘द बुद्धा अँड हिज धम्म’. दुसरा त्याचाच मराठी अनुवाद, ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. दोन्ही शेजारी शेजारी धरून ती मोठ्यांदा वाचायला लावते. हिज. त्यांचा. हिज. त्यांचा.

‘भगवान बुद्धासाठी बाबासाहेबांनी काय लिहिलं?’

‘हिज.’

‘देअर लिहिलं का?’

‘नाही.’

‘मग त्यांनी मान दिला नाही का? इंग्रजीत मान सर्वनामात नसते. फळ्यावर डॉक्टर लावलं ना बाबासाहेबांच्या नावापुढे, तिथं दिला.’

पोरगा पुस्तक हातात घेऊन खात्री करतो आणि वहीत ‘दे’ खोडून ‘ही’ लिहितो. बाबांचंही बदलतो, मागचं ‘कम’ मात्र तसंच राहतं. इंग्रजीतही ‘दे’ एकट्या माणसाला लागतं, बरं का. मेरियम-वेब्स्टर कोशाने 2019 साली त्याला वर्षाचा शब्दही ठरवलं. पण ते व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना, किंवा तिला ही-शी दोन्ही नको असताना. मानाशी त्याचा संबंध नाही. हे आज इथे काढण्यात अर्थ नाही.

वर्ग सुटायच्या बेतात ताई एक शेवटचं वाक्य टाकते: ‘वी आर गोइंग टू दीक्षाभूमी.’

‘वी म्हंजे आमी का आपुन?’ बकरीवाली विचारते. ‘तुमी पन येऊन राहिल्या का?’

फळ्यावरच्या वाक्यातून याचं उत्तर निघत नाही. ‘आपण,’ ताईला मराठीतच सांगावं लागतं, आणि वर्गात एकच गलका होतो.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की ‘माय फादर’च्या पुढे ‘दे’ दिसलं तर लाल पेन जरा खाली ठेवा, आणि ते कुठून आणलं हे पोराला आधी विचारा.