ब्लूम्सबरीतील स्वस्त खोली

लंडनच्या संदर्भात ‘स्वस्त’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. २०१९ च्या मे महिन्यात एका आठवड्याच्या अभ्यासवर्गासाठी मी तेथे गेले, तेव्हा पुष्कळ शोधाशोध करून निवडलेल्या हॉटेलचा दर एका रात्रीला ७५ पौंड होता; त्या वेळच्या भावाने सुमारे पावणेसात हजार रुपये. एवढ्या रकमेत आपल्या इंदूरला गालिचे अंथरलेल्या हॉटेलात दोन दिवस ऐटीत राहता आले असते. लंडनमध्ये मिळाला तो एक अरुंद पलंग, एक खुर्ची, पाणी उकळण्याची विजेची किटली, कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन आणि सकाळची न्याहारी. स्नानगृह जिन्याच्या वळणावर, तीन खोल्यांना मिळून एक. लिफ्ट नव्हती. जिना इतका अरुंद की वरून कोणी येत असल्यास खालच्याने आपल्या सामानासह मजल्यावर थांबून वाट द्यावी.

परदेशातील परिषदांना जाणाऱ्या आपल्या सभासदांपैकी बहुतेकांची सोय आयोजक करतात, त्यामुळे अशा हॉटेलांशी त्यांचा परिचय नसतो. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवते. खोली दुपारी दोनपूर्वी ताब्यात मिळत नाही. पण सामान खाली ठेवून घेतात. खालच्या मजल्यावरची खोली आगाऊ मागावी, गुडघे दुखत असोत वा नसोत. तिकडच्या प्लगांना चौकोनी पाय असतात, तेव्हा जोडणीचा खटका इकडूनच न्यावा. आणि बेसिनला दोन वेगळे नळ असतात. एकातून चटका बसेल असे पाणी येते, दुसऱ्यातून हिमालयातले. या दोहोंचा संगम घडवण्याचे कार्य पाहुण्यावर सोपवलेले असते. मी एक तांब्या बरोबर नेला होता. सबंध प्रवासात एवढी उपयोगी पडलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

हे हॉटेल ब्लूम्सबरी भागात, रसेल स्क्वेअर स्थानकापासून पाच मिनिटांवर होते. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी थेट तेथे येते, हे ती जागा निवडण्याचे एक कारण. दुसरे कारण अर्थातच दर. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी येथे सुखवस्तू कुटुंबांसाठी विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा बांधल्या गेल्या. घरांची मांडणी ठरावीक असे. तळघरात स्वयंपाक, रस्त्याच्या पातळीवर भोजनाची खोली, त्यावर दिवाणखाना, त्याच्यावर शयनगृहे आणि अगदी वर, छपराखाली, नोकर व मुले. पुढे श्रीमंत मंडळी पश्चिमेकडे सरकली आणि यांतील अनेक घरांची भाड्याच्या खोल्यांत वाटणी झाली. आजच्या स्वस्त हॉटेलांपैकी कितीतरी याच वंशातील. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, छपराला लागून होती. जेथे एखादी दाई कधीकाळी मुलांना निजवीत असेल, त्या जागी एका बालरोगतज्ज्ञाने उतरावे, हा योग मला आवडला.

न्याहारी तळघरात, जुन्या स्वयंपाकघरात असे. आम्हा शाकाहाऱ्यांच्या वाट्याला टोमॅटोच्या रसातील घेवड्याचे दाणे, भाजलेली अळिंबी आणि टोस्ट. व्यवस्था पाहणाऱ्या बाई मूळच्या पोर्तुगालच्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की सर्वांना वाढून झाल्यावर त्या दोन टोस्ट, एक उकडलेले अंडे आणि एक केळे कागदात गुंडाळून शेजारच्या टेबलावरील वृद्ध बाईंच्या हाती देतात. त्या वेल्सच्या होत्या. बरोबर सहा वर्षांचा नातू. त्याची धाकटी बहीण ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या रुग्णालयात होती आणि आई तिच्या पलंगाशेजारी झोपत असे. न्याहारीची ती पुडी आईसाठी. आजी आणि नातू या हॉटेलात तिसऱ्या आठवड्यात पोहोचले होते. मी डॉक्टर आहे हे कळल्यावरही त्यांनी मला त्या मुलीच्या आजाराविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की कपडे वाळत घालण्यासाठी खोलीतील उष्णतेच्या नळ्यांवर टाकले तर चालत असेल का. पोर्तुगीज बाईंनी तळघरातील बॉयलरची खोली दाखवली.

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे नाव आपल्यापैकी कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला नवे नाही. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १४ फेब्रुवारी १८५२ रोजी एका जुन्या घरात १० खाटांनिशी ते सुरू केले. पॅरिसला मुलांचे रुग्णालय १८०२ मध्येच झाले होते. ब्रिटनमध्ये मुलांना दाखल करून घेणारे हे पहिले. १८५८ मध्ये ते पैशांअभावी अडचणीत असता चार्ल्स डिकन्स यांनी त्यासाठी भाषण केले आणि स्वतःच्या कथेचे जाहीर वाचन करून निधी जमवला. १९२९ मध्ये जे. एम. बॅरी यांनी ‘पीटर पॅन’चे हक्क याच रुग्णालयाला देऊन टाकले. ही सारी माहिती पाठ्यपुस्तकांच्या समासात मिळते. मला त्या तळघरात बसून वेगळाच प्रश्न पडला होता. आई तिकडे पलंगाशेजारी झोपते, हे त्या आजींनी किती सहजपणे सांगितले! तेथे हे सहज केव्हापासून झाले?

फार जुनी गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाजवळ थांबू देत नसत. भेटीची वेळ आठवड्यातून एखाद-दोनदा, तीही मोजकी. कारण संसर्गाचे सांगितले जाई. दुसरे कारण असे, की आई येऊन गेली की मूल रडते, न आली की शांत असते. न्यूकॅसलला डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकात आयांना तान्ह्या मुलांसह दाखल करून घेण्याची पद्धत सुरू केली होती. पण ते एकटेच. मग जेम्स रॉबर्टसन पुढे आले. युद्धकाळात ॲना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील बालगृहात बंब पेटवण्याच्या कामावर असलेला हा माणूस पुढे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांचा सहकारी झाला. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे त्याने नवख्या हाताने चित्रीकरण केले. १९५२ मध्ये तो चित्रपट रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला गेला, तेव्हा डॉक्टरमंडळी संतापली. त्यात क्रौर्याचे एकही दृश्य नाही. परिचारिका दयाळू आहेत, शस्त्रक्रिया सुरळीत झाली आहे. मुलगी फारशी रडतही नाही. फक्त शेवटी आई न्यायला येते, तेव्हा ती आईचा हात धरत नाही.

शांत मूल म्हणजे सुखी मूल नव्हे, हे त्या चित्रपटाने दाखवले. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीचा अहवाल आला. प्लॅट स्वतः अस्थिशल्यविशारद. भेटीवर बंधने नसावीत, लहान मुलांबरोबर आईलाही दाखल करून घ्यावे, अशा त्याच्या शिफारशी. त्या सगळीकडे अमलात यायला पुढे कित्येक वर्षे लागली आणि त्यासाठी मातांनाच संघटना काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी आपणहून दिलेली ही सवलत नव्हे, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

अभ्यासवर्गाला सुटी होती त्या दिवशी मी ब्रन्स्विक स्क्वेअरमधील फाउंडलिंग म्युझियम पाहायला गेले. हॉटेलपासून चालत सहा मिनिटे. थॉमस कोरम हा दर्यावर्दी कप्तान. लंडनच्या रस्त्यांवर टाकलेली अर्भके पाहून अस्वस्थ झाला आणि वर्षानुवर्षे खटपट करून त्याने १७३९ मध्ये अनाथगृहासाठी राजाची सनद मिळवली. मूल सोडताना आई एखादी खूण ठेवी, पुढेमागे परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. अर्धे नाणे, अक्रोडाएवढीही नसलेल्या रानटी फळाचे कवच, कापडाचा तुकडा. ती खूण कागदांबरोबर मोहोरबंद होई. मुलाला ती कधी दाखवीत नसत. १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ मुले घेतली गेली. त्यांपैकी परत नेली गेली १५२.

त्यातील १७५६ ते १७६० ही चार वर्षे सर्वांत वाईट. सरकारी पैसा मिळाला आणि अट पडली ती येईल ते मूल घेण्याची. सुमारे १५ हजार मुले आली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक दगावली. त्या आकड्यांच्या फलकासमोर मी बराच वेळ उभी होते. याच संस्थेशी संबंधित डॉ. विल्यम कॅडोगन यांनी १७४८ मध्ये बालसंगोपनावर छोटी पुस्तिका लिहून, आईने स्वतः पाजावे आणि बाळाला घट्ट गुंडाळू नये, असे बजावले होते. आपण आजही बाह्यरुग्ण विभागात तेच सांगतो. पण ज्या मुलांना आईच नव्हती त्यांना खेड्यातील दाईकडे पाठवण्यावाचून कॅडोगन तरी काय करणार? मुलाला वाचवायचे तर आईपासून तोडायचे, हाच त्या काळचा उपाय होता आणि तो योजणारे लोक सहृदय होते.

मूळ संस्था १९२६ मध्ये लंडनबाहेर गेली आणि इमारत पाडली गेली. ती जागा आज ‘कोरम्स फील्ड्स’ या नावाने मुलांचे क्रीडांगण आहे. फाटकावर पाटी आहे: मूल बरोबर असल्याखेरीज मोठ्यांना प्रवेश नाही. तीस वर्षे मुलांवर उपचार करणारी मी कठड्याबाहेर उभी होते आणि आत वाळूत पोरे खेळत होती. असा नियम करणाऱ्यांना मनोमन नमस्कार करून मी वळले, तो समोरून वेल्सच्या आजी आणि नातू आले. नातवाने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि मोठ्या औदार्याने म्हणाला, “आमच्याबरोबर चला.” मग आम्ही दोघी बाकावर बसलो. त्या मुलाने पाळीव प्राण्यांकडे चार फेऱ्या केल्या. आजींनी हिशेब सांगितला. मुलीच्या आईची झोपण्याची सोय रुग्णालयाने केलेली. आसपास धर्मादाय संस्थांची घरेही आहेत, पण तेथे जागा मिळण्यासाठी नंबर लागतो. मुलाला घरी ठेवावे तर तो रात्री उठून बसतो. म्हणून हॉटेल. जावई गावी कामावर, त्याच्या पगारातून भाडे. “बहीण दिवसातून एकदा त्याला पाहते,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी ती जेवते.”

कोणत्याही पुस्तकात अशा खोलीचे नाव औषधांच्या यादीत नाही.

आपल्याकडे आईला वॉर्डात येऊ द्या, असे सांगायला समिती नेमावी लागली नाही. आपली आई मुलाच्याच खाटेवर निजते, सलाईनच्या थेंबांवर नजर ठेवते, परिचारिकेची निम्मी कामे करते. प्लॅट यांचा अर्धा अहवाल आपण न वाचताच अमलात आणलेला आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय? मुलाबरोबर झाबुआहून, खरगोनहून, बडवानीहून जे आलेले असतात ते वडील, आजी, पाठची पोरे कोठे राहतात? कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्री दहानंतर चालून पाहावे. खासगी रुग्णालयांत व्हरांडाही नसतो. आपण नकाशे मंजूर करून घेतो, तेव्हा खाटा मोजतो, प्राणवायूच्या नळ्या मोजतो, वाहनतळ मोजतो.

हे ज्यांना शाळेत न जाता कळले ते संत गाडगे महाराज होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठीही त्यांनी निवारा उभा केला. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्यांचा आधार आहे. इंदूरहून मी तिकडे पाठवलेल्या मुलांच्या पालकांनी परत आल्यावर डॉक्टरांच्या आधी त्या धर्मशाळेचे गुण मला सांगितलेले आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फियाला अशा प्रकारचे पहिले घर १९७४ मध्ये निघाले आणि त्याची कल्पना आता जगभर गेली. आपल्या हाताशी ती कल्पना त्याहून आधीची आहे.

आमच्या लहानशा रुग्णालयाच्या गच्चीवर दोन खोल्या होत्या. एकीत जुनी कागदपत्रे आणि दुसरीत मोडके पाळणे. परत आल्यावर त्या रिकाम्या केल्या. चार खाटा, एक ओटा, गॅसची शेगडी, मोरी आणि कपड्यांसाठी दोऱ्या. खर्च माझ्या लंडनच्या प्रवासाहून कमी आला. भाडे दिवसाला ३० रुपये ठेवले, कारण फुकटाचा संकोच वाटतो असे हिशेबनीसांचे म्हणणे पडले. पहिले राहायला आले ते खरगोनजवळच्या एका खेड्यातील आजी-आजोबा. नात खाली न्यूमोनियाने दाखल. आजोबांनी खाट हाताने दाबून पाहिली, पंखा वरखाली करून पाहिला आणि घोंगडी घेऊन सरळ गच्चीवर उघड्यावर जाऊन झोपले. आजींनी मात्र शेगडीचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड संपवून मी वर गेले, तर ज्वारीच्या भाकरीचा वास जिन्यात येत होता आणि सुनेसाठी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या ओट्यावर तयार होत्या.