पुडीतली बुरशी आणि कुंडीतलं रोप

पावसाळ्यात कुंडीतल्या पालापाचोळ्यावर पांढरी जाळी दिसली की पुण्यातले बागप्रेमी लगेच बुरशीनाशक शोधू लागतात. ती जाळी बहुधा पाला कुजवणाऱ्या निरुपद्रवी बुरशीची असते. रोपाला तिच्यापासून काही धोका नसतो.

बुरशीनाशकाच्या दुकानातच मायकोरायझा या उपयोगी बुरशीची पुडीही मिळते. सरकारदरबारी ती जैविक खतांत मोडते, म्हणून लोक ती युरियासारखी वरून भुरभुरतात. पण तिच्यात रोपाला पुरेल असं अन्न जवळपास नसतंच. ही बुरशी मुळांत शिरते आणि मूळ पोचू शकत नाही अशा मातीच्या फटींतून आपल्या तंतूंवाटे स्फुरद, जस्त आणून देते. बदल्यात रोपाकडून साखर घेते. त्यामुळे पुडी मुळाला लागली पाहिजे: लागणीच्या वेळी खड्ड्यात, रोपाच्या अगदी खाली. सोबत डीएपीचा मारा केला तर पैसे वाया. स्फुरद आयतं मिळालं की रोप या भागीदाराला फारसं जवळ करत नाही.

‘पुडी गूळपाण्यात भिजवून वाढवा’ हा सल्ला तर फारच लोकप्रिय. ट्रायकोडर्मा नावाचा बुरशीचा दुसरा प्रकार तसा वाढवता येतो. तो कुजक्या पदार्थांवर जगतो आणि रोपवाटिकेत कोवळी रोपं कोलमडवणाऱ्या बुरशांना आवर घालतो. मायकोरायझाला मात्र जिवंत मूळच लागतं. ती मक्यासारख्या पिकाच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर वाढवतात. दोन्ही बुरशा उपयोगी, पण एकीचं काम दुसरी करत नाही. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक ट्रायकोडर्मा घालण्याच्या सुमारास ओतलं, तर तो गेलाच म्हणून समजा.

सगळ्या रोपांना मायकोरायझा चालते, हेही खरं नाही. टोमॅटो, मिरची, वांगं, डाळिंब, झेंडू यांना उपयोग होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट यांची तिच्याशी सोयरीकच जमत नाही. कोबीच्या रोपांसाठी पुडी घेऊ नये.

राहिलं कुंडीत घालायचं कंपोस्ट. गांडूळखत प्रकल्पाला पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, म्हणून सोसायट्यांत खत पुष्कळ तयार होतं. त्यातलं बरंचसं कच्चंच कुंड्यांत जातं. कच्चं खत कुजताना तापतं आणि रोपाच्या वाट्याचं नत्रही खातं. ताज्या शेणातून हुमणी आणि तणाचं बी येतं, ते वेगळंच. मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून दोन-तीन दिवसांनी हुंगावं. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते परत ढिगात टाकावं. मातीचा वास आला, तरी कुंडीतल्या मिश्रणात त्याचं प्रमाण पाव ते एक तृतीयांशच ठेवावं.