नाव कोणाचे?

नाटक मंडळी फुटली, तर पडदे, कपडे, पेट्या यांची वाटणी करता येते. नावाची कशी करायची? ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश रॉक बँडचा जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास चाळताना हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतो.

रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकणारे तिघे. वॉटर्सचा केंब्रिजचा मित्र सिड बॅरेट त्यांना येऊन मिळाला आणि १९६५ मध्ये बँडला नाव दिले ते त्यानेच. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल हे अमेरिकेतले दोन कृष्णवर्णीय ब्लूज गायक. त्यांची पहिली नावे बॅरेटने जोडून टाकली.

१९६७ चा पहिला अल्बम ही मुख्यतः बॅरेटचीच करामत. बहुतेक गाणी त्याची, गिटार त्याची. पण त्याच वर्षी एलएसडी आणि ढासळते मन यांनी त्याला ग्रासले. कार्यक्रमात तो एकच सूर छेडत उभा राहू लागला. मदतीला केंब्रिजचाच डेव्हिड गिल्मोर आला. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत प्रश्न निघाला, सिडला घ्यायला जायचे का? कशाला, असे ठरले आणि गाडी पुढे गेली. ना भांडण, ना निरोप. माणूस मागे राहिला आणि त्याने ठेवलेले नाव गाडीबरोबर गेले.

त्या नावाचे सोने झाले १९७३ मध्ये. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता. त्यातल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये क्लेअर टोरी ही गायिका शब्दांवाचून नुसत्या आवाजाने आकांत उभा करते. आलाप ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना ते मुळीच परके वाटत नाही. त्या दिवसाचे तिला तीस पौंड मिळाले, रचनाकारांत नाव मात्र नाही. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली. पुढच्या वर्षी समेट झाला आणि राइटच्या नावाशेजारी तिचेही नाव आले.

१९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम बॅरेटच्या नसण्याभोवतीच रचलेला. त्या जूनमध्ये ॲबी रोड स्टुडिओत काम चालू असताना एक लठ्ठ माणूस आत येऊन उभा राहिला. डोके आणि भुवया भादरलेल्या. बराच वेळ कोणी ओळखले नाही. तो सिड होता! ज्याच्या आठवणीने गाणे बांधले, तोच समोर असताना दिसू नये, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोचरे वाटते.

पुढे बँडवर वॉटर्सची पकड घट्ट होत गेली. ‘द वॉल’च्या वेळी, १९७९ मध्ये, राइटला बाहेर काढण्यात आले. नंतरच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. मंचावर रोज प्रचंड भिंत बांधायचा खर्च एवढा, की तिघा मालकांना तोटा झाला. कमावले ते फक्त पगारदाराने.

१९८५ मध्ये वॉटर्स स्वतःच निघाला. बँड संपला, तेव्हा नावही संपले पाहिजे, असे म्हणत १९८६ मध्ये तो न्यायालयात गेला. गिल्मोर आणि मेसन ऐकेनात. डिसेंबर १९८७ मध्ये तडजोड झाली. नाव त्या दोघांकडे राहिले आणि वॉटर्सला ‘द वॉल’ व कार्यक्रमांत हवेत उडवले जाणारे फुगीर डुक्कर मिळाले. वॉटर्सच्या शब्दांचा मी चाहता आहे, पण त्याचा हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. प्रमुख माणूस गेल्यावर नाव संपत असेल, तर ते १९६८ मध्येच संपायला हवे होते, आणि तेव्हा वॉटर्स त्या गाडीत होता. २०१३ मध्ये खटला ही आपली चूक होती, असे त्याने बीबीसीला सांगितले, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’च्या मंचावर चौघे चोवीस वर्षांनी एकत्र उभे राहिले. वॉटर्सने मंचावरून आवर्जून सिडचे नाव घेतले. वर्षभरात, जुलै २००६ मध्ये, सिड गेला आणि सप्टेंबर २००८ मध्ये राइट. चौघे पुन्हा एकत्र वाजवणे आता शक्यच नव्हते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ध्वनिमुद्रणांचे हक्क आणि नावाचे हक्क सोनी कंपनीने घेतले. सुमारे चाळीस कोटी डॉलरचा व्यवहार, अशा बातम्या आल्या. म्हणजे नावाची वाटणी अखेर झाली ती अशी. ज्या दोन गायकांच्या नावांतून ते जन्मले, ते अँडरसन १९७४ मध्ये आणि कौन्सिल १९७६ मध्ये निवर्तले. त्यांच्या तबकड्याही एकदा ऐकाव्यात. हिशेबात कुठेच न धरलेले ते पहिले भागीदार आहेत.